वाळी

चोपड्यात मे महिना. बाहेर सेहेचाळीस,
पेटीच्या आत सदतीस.
म्हणजे या जंतूंना आपल्यापेक्षा गार आहे,
असं मी रोज सकाळी सुपडूला सांगते
आणि तो रोज नव्यानं हसतो.

जंतू केळीच्या मुळाशी सापडलेले,
ठिबकच्या नळीखालच्या ओल्या मातीत.
त्यांच्या मोठ्या धाग्यापासून वेगळं
एक लहानसं कडं पोटात फिरतं,
औषधानं मरायचं नाही, एवढंच त्यात लिहिलेलं.
प्लाझ्मिड म्हणतात. मी वाळी म्हणते,
प्रबंधात नाही, वहीत.

दर अर्ध्या तासाला पेशी दुभंगते.
तेव्हा वाळीचं कोण बघणार?
एक प्रथिन आहे.
दोन वाळ्यांच्या मधे ते स्वतःच्याच काड्या जोडत
दांडा उभा करतं,
एकीला या टोकाला रेटतं, एकीला त्या,
आणि मग दांडा मोडून टाकतं.
तलाठी नाही, मोजणी नाही, सातबारा नाही.

कधी दोन वाळ्या एकमेकींत मिसळून
एकच मोठी होऊन बसते. वाटायचं काय?
मग दोन प्रथिनं जोडीनं येतात,
ठरलेल्या अक्षरांवर बसतात,
कापतात, फिरवतात, सांधतात,
एक अक्षरही कमी न होता.
सराफाकडे एवढ्या कामाला घट धरतात.

आणि धागाच तुटला तर
तुटक्या टोकावर आणखी एक चढतं, रांगेनं,
आणि लाखो अक्षरांत आपल्या जोडीचा तुकडा हुडकतं.
बाजारात पोर चुकलेली बाई
चेहरे बघत नाही,
सदऱ्याचा रंग बघत जाते, तसं.

एवढं करूनही एखादी लेक रिकामी निघालीच
तर त्याचीही सोय वाळीतच लिहिलेली:
एक विष, टिकणारं.
एक उतारा, या उन्हातल्या दुधासारखा, लगेच नासणारा.
वाळी आहे तोवर उतारा रोज ताजा बनतो.
वाळी गेली की तो संपतो,
आणि पोटात आईकडचं विष तेवढं उरतं.

सुपडू परीक्षानळ्या विसळत होता. थांबला.
"इख बी माय दे, उतारा बी माय दे?"
मी म्हटलं, हो.
तो पुन्हा विसळू लागला.

मग तीन रात्री वीज नव्हती.
पेटीतला पारा त्रेचाळीसवर.
चौथ्या दिवशी साध्या ताटलीवरच्या ठिपक्यांचा
मखमलीनं ठसा घेऊन औषधाच्या ताटलीवर दाबला.
(मखमल लाल. बँडवाल्यांचे कोट शिवणाऱ्याकडचं चिंध्यांतलं कापड.)

सकाळी एका ताटलीवर ठिपकेच ठिपके.
दुसरी कोरी.
कोरी ती, जिच्यातून मी दांडाही काढला होता
आणि विष-उताऱ्याची जोडीही.
पण साध्या ताटलीवर तेच जंतू
गुबगुबीत, दुधाळ, मजेत.
मेले नव्हते. वाळी तेवढी टाकून आले होते.

सुपडूनं उजेडात धरून बघितलं.
"वाळी गयी तरी जगनात."
आणि त्याचा अंगठा आपसूक नाकपुडीकडे गेला,
जिथे एक बुजलेलं भोक आहे.

त्याच्या आधीची तीन गेली.
याला सुपात घालून दारोदार फिरवला,
पसाभर ज्वारीला विकला, विकत घेतला,
नाक टोचून तांब्याची वाळी घातली.
चौथीत पोरं हसली म्हणून
त्यानं ती स्वतःच काढली आणि नदीकाठी फेकली.
आईला महिनाभर कळू दिलं नाही.
ती रोज रात्री त्याच्या छातीवर हात ठेवून बघायची,
महिना गेल्यावरही बघायची.

हे त्यानं मला आज सांगितलं, अकरा वर्षांनी,
ताटल्या डब्यात रचता रचता.
वाळीवाल्या, बिनवाळीच्या, सगळ्या एकात.
एकशे एकवीस अंश, पंधरा मिनिटं.
मी वहीत आकडे भरत होते,
एका रकान्यात शून्य लिहायचं राहिलं होतं.

झाकणाचे स्क्रू आवळत त्यानं विचारलं,
"सकाय लाइट राही ना, ताई?"